पुन्हा पहिल्यापासून

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्याच संध्याकाळी माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि त्या भुकेपायी मी नको तिथे एक शब्द बोलून बसले. त्या एका शब्दाने जेवण आणखी लांबलं. आमच्या घरात ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात. म्हटलं, या वेळी मीच सांगावी, म्हणजे निदान मीठमसाला तरी माझ्या हातचा राहील.

घरचा रिवाज असा, की जेवायच्या आधी सगळ्यांनी बाहेरच्या खोलीत बसायचं. सासरे शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक भाग वाचणार, मग प्रार्थना करणार आणि मग ताटं मांडायची. मला हे नवीन नव्हतं. माहेरीही संध्याकाळची प्रार्थना होती, पण माझे वडील म्हणजे न थांबणारी गाडी. कुकरची शिट्टी व्हायच्या आत आमचं आमेन झालेलं असायचं.

सासऱ्यांनी त्या दिवशी वाचन संपवलं ते कसंबसं. मधे मधे थांबत होते. मला वाटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग डोळे मिटून त्यांनी प्रार्थना सुरू केली, "हे दयाळू स्वर्गीय प…" आणि गप्प झाले. जरा वेळाने पुन्हा "प…" आणि पुन्हा गप्प. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, मानेची शीर ताणलेली, आणि खोलीत कुणीही हलत नव्हतं. मला वाटलं, बिचाऱ्यांना शब्द आठवत नाहीये. नव्या सुनेने मदत केली तर पहिल्याच दिवशी छाप पडेल. मी अगदी आदबीने म्हटलं, "पित्या."

नणंदेने रुमाल तोंडात कोंबला. आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. सासूबाईंनी डोळे उघडून माझ्याकडे जे पाहिलं, ते पाहून माझी पाचावर धारण बसली. सासरे तेवढे हसले. डोळे मिटलेलेच ठेवून, गालातल्या गालात. म्हणाले, "ठीक आहे. पु… पुन्हा पहिल्यापासून." आणि त्यांनी शास्त्र उघडून पहिली ओळ परत वाचायला घेतली.

हा या घराचा नियम. बाबा, म्हणजे सासरे, वाचताना किंवा प्रार्थनेत अडकले, तर कुणी शब्द सांगायचा नाही. सांगितला तर सगळं पहिल्यापासून, वाचनासकट. लग्नाच्या गडबडीत हे मला सांगायचं सगळे विसरले होते. त्या दिवसापासून मी कानाला खडा लावला आणि संध्याकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त खायला लागले.

बाबा किल्ल्या बनवतात. बाजारातल्या एका इमारतीच्या जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, उंच माणूस आत शिरला तर कपाळाला टेंगूळ घेऊनच बाहेर येणार. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांच्या माळा, खाली लोखंडी पकड, कानसी, मेणबत्तीचं थोटूक. दुसऱ्या बाजूला आईंचं शिलाई मशीन. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पडदे शिवायच्या, लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायच्या, आणि दोन्ही धंद्यांचं बोलणं एकट्या करायच्या. गिऱ्हाईक आलं की बाबा मान वर करायचे आणि आई सुरू व्हायच्या. कुठलं कुलूप, कुणी हरवली किल्ली, नवऱ्याने का, मग दुसरी शेजारणीकडे का नाही ठेवली. तोंडाचा पट्टा असा, की किल्लीसाठी आलेलं गिऱ्हाईक जाताना पडद्यांचं माप देऊन जायचं. फोन आला तरी त्याच घ्यायच्या. बाबांना काय म्हणायचं आहे हे त्यांना बाबांच्या आधी कळायचं.

बाबा लहानपणापासून अडखळत बोलतात. सगळ्यात जास्त प-वर. शाळेत वाचायला उभं केलं की वर्ग खिदळायचा आणि गुरुजी घाईघाईने खाली बसवायचे. शाळा लवकर सुटली ती घरच्या परिस्थितीमुळे, असं सगळे सांगतात. मला ते काही पूर्ण पटत नाही. बाजारातल्या लोकांचा तर ठरलेला विनोद होता, की जगाची कुलुपं उघडणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडालाच कुलूप. प्रत्येक नव्या माणसाला वाटायचं की हे आपल्यालाच सुचलं. बाबा प्रत्येकाला हसून दाद द्यायचे. आई देत नसत. त्या अशा माणसाची किल्ली तयार असली तरी म्हणायच्या, "उद्या या."

बाबांचे वडील गेले तेव्हा सगळे धरून चालले होते, की घरची प्रार्थना आता धाकटे काका चालवणार. काका घडाघडा बोलणारे. चर्चच्या मंडळीत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभे राहिले की पाळकसाहेबांना घड्याळाकडे बोट दाखवावं लागायचं. पण त्या संध्याकाळी बाबा मुकाट्याने वडिलांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि त्यांनी शास्त्र उघडलं. पहिल्याच ओळीला अडकले. काकांनी शब्द सांगितला. बाबा थांबले आणि परत पहिल्यापासून वाचू लागले. काकांनी पुन्हा सांगितला. बाबांनी पुन्हा पहिल्यापासून. असं किती वेळा झालं, तो आकडा प्रत्येक वेळी सांगताना वाढतो. शेवटी काकांनी हात टेकले आणि तेव्हापासून नियम पडला तो पडला.

मी या घरात जरा रुळल्यावर एकदा धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही नुसतं 'देवा' का नाही म्हणत? द तर तुम्हाला सोपा जातो."

"म्हणतो ना मधे मधे," बाबा म्हणाले. "पण हाक मारायची ती प… पिता म्हणूनच. अवघड जातं म्हणून बा… बापाला दुसऱ्या नावाने हाक मारू?"

मी भाजी चिरायला लागले.

आणखी एक गोष्ट मला अशीच अवचित कळली. एकदा बाबा सकाळी चष्मा घरीच विसरून गेले. मी तो द्यायला दुकानात गेले, तर शटर अर्धं खाली आणि आतून आवाज. वाकून पाहिलं तर बाबा स्टुलावर बसून मोठ्याने वाचत होते. डोळ्यांवर आईंचा चष्मा, समोर शास्त्र, आणि श्रोते म्हणजे भिंतीवरच्या कोऱ्या किल्ल्या. संध्याकाळी वाचायचा तोच भाग चालला होता.

"बाबा, हे रोज?"

"रोज."

"फरक पडतो का काही?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नाही."

"मग कशासाठी एवढं?"

बाबांनी पकडीत लावलेली एक किल्ली काढून मला दाखवली. मूळ किल्ली हरवली असेल तर ते कोरी किल्ली मेणबत्तीवर काळी करतात, कुलपात घालून हलक्या हाताने फिरवून बघतात. कुलूप उघडत नाही, पण काजळीवर बारीक चकचकीत ठिपके उमटतात. तेवढ्याच जागी कानस फिरवायची, पुन्हा काळी करायची, पुन्हा घालायची. "पहिल्यांदा घातली की उघडत नाही," बाबा म्हणाले. "दहाव्यांदाही नाही. म्हणून ज… जोर लावला तर मोडते. आणि घालायचीच सोडली तर मग मी इथे बसलोय कशाला?" एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला चष्मा घेतला आणि पुढची ओळ वाचायला लागले. मी घरी येईपर्यंत स्वतःशीच हसत होते. आमच्या मंडळीत उपवास करणारे आहेत, डोंगरावर जाऊन प्रार्थना करणारे आहेत, रडून आकाशपाताळ एक करणारे आहेत. माझा सासरा किल्ल्यांना शास्त्र वाचून दाखवतो, आणि मला त्या सकाळपासून त्या माणसाचा अभिमान वाटायला लागला तो आजतागायत.

आई या सगळ्यात कुठे होत्या? दिवसभर बाबांचं सगळं बोलणं बोलणारी ही बाई प्रार्थनेला बसली की तोंडाला शिलाई घातल्यासारखी गप्प. बाबा कितीही वेळ अडकोत, आईंच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. मी एकदा विचारलं, "आई, तुम्हाला राहवतं कसं?"

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या लग्नाची गोष्ट सांगितली. वेदीपुढे उभं राहून नवऱ्याने म्हणायचं होतं, की मी तुला पत्नी म्हणून पत्करतो. आता हे वाक्य ज्याने लिहिलं त्याला बाबांची कल्पना नसणार. दोन प, तेही जवळजवळ. बाबा पहिल्यावरच अडकले. सगळं चर्च खाकरायला लागलं. बाकांवरून कुजबुज. नवऱ्याचा मित्र मागून शब्द सांगायला लागला. पाळकांनीही नुसती मान हलवून भागवता येईल का, असं हळूच विचारलं.

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, म्हणू द्या त्यांना. मला घाई नाही."

"एवढ्या सगळ्यांपुढे?"

"मग काय! लग्न माझं होतं. लोकांना जेवणाची घाई होती, मला कशाची असणार?" आई हसल्या. "म्हणाले गं ते शेवटी. पूर्ण म्हणाले. असं कुणी मला पत्करलं नसतं बघ. बाकीच्यांचे नवरे एका दमात बोलून मोकळे होतात."

अशा आमच्या आई. एका सकाळी दुकानात पडद्याला दुमड घालता घालता त्यांचा उजवा हात कापडावरून घसरला आणि त्या खुर्चीतच कलल्या. बाबांनी धरलं म्हणून डोकं आपटलं नाही. पक्षाघाताचा झटका होता. दवाखान्यात वेळेत नेलं, जीव वाचला, पाय हळूहळू चालायला लागेल म्हणाले, हातही थोडा येईल. पण वाचा गेली. सगळ्या बाजारासाठी पुरून उरेल इतकं बोलणाऱ्या बाईकडे एकच शब्द उरला, "अहो." पाणी हवं, अहो. उजेड नको, अहो. तपासायला आलेल्या तरुण डॉक्टरांनाही अहो. तेव्हा त्या स्वतःच हसल्या, आणि हसता हसता रडायला लागल्या.

दवाखान्यात स्पीच थेरपीच्या एक बाई होत्या, फार समजूतदार. त्यांनी आम्हाला नीट सांगितलं. आईंना सगळं कळतं. शब्द आत आहेत, त्यांना बाहेरची वाट सापडत नाही. रोज बोलायचा प्रयत्न झाला, तर येतील, किती ते सांगता येत नाही. "पण प्रयत्नच सोडला तर मात्र अवघड होत जाईल. आणि एक करा, त्यांच्या वतीने तुम्ही बोलू नका." आम्ही सगळ्यांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या.

घरी आलो आणि पहिल्या तासातच सगळं विसरलो. आईंनी नुसतं अहो म्हणायचा अवकाश, की चारी बाजूंनी लिलाव सुरू. पाणी? उशी? पंखा? पाय दाबू? शेजारच्या बायका भेटायला यायच्या त्याही पलंगाभोवती बसून शब्द फेकायच्या. आईंनी ओठ हलवले की कुणीतरी वाक्य पूर्ण करायचंच. मायेने हो, वाईट हेतू कुणाचाच नव्हता. मीच सगळ्यात पुढे. या घरात अडलेल्या माणसाला शब्द सांगायचा नाही हे आम्ही वर्षानुवर्षं पाळलं होतं, पण तो नियम बाबांचा आणि प्रार्थनेचा, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं. तो आईंनाही लागू पडेल हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

आईंनी हळूहळू अहो म्हणायचंही सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्यांना धरून बाहेरच्या खोलीत आणायचो. एके दिवशी त्यांनी डाव्या हाताने मला असं ढकललं, की मी समजले. त्या पुन्हा आल्या नाहीत.

मग आमचे हे एका संध्याकाळी बाबांना म्हणाले, "बाबा, रागावू नका. आई आत एकटी पडून असते, इथे आपण इतका वेळ बसतो. काही दिवस मी वाचतो. पाच मिनिटांत होईल."

मला वाटलं, बाबा हसून नाही म्हणतील. पण बाबांनी शास्त्र उचलून मुलाच्या मांडीवर ठेवलं. "वाच," म्हणाले.

ह्यांनी वाचलं. कुठे अडलं नाही, काही नाही. प्रार्थनाही छान, गुळगुळीत. जेवण गरम होतं, अगदी वाफा येत होत्या, आणि मी ताटातला भात नुसता चिवडत होते. बाबांनी ताटातलं अर्धं तसंच ठेवलं. मला त्या माणसाला धरून हलवावंसं वाटत होतं. त्यांनी सोडलं तर आईंनी का धरायचं? रात्रभर माझ्या डोक्यात तेवढं एकच घोळत राहिलं.

सकाळी बाबा दुकानात गेले आणि मागोमाग मीही निघाले. चष्म्याचं निमित्तही नव्हतं. शटर अर्धं खाली होतं. मी जिन्यापाशी उभी राहून कान दिला. आत सामसूम. कानसीचाही आवाज नाही. परत फिरावं की आत जावं कळेना. आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "प…" मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "प…"

माझा जीव भांड्यात पडला. शटरखालून वाकून आत गेले आणि टेंगूळ येता येता वाचलं.

"बाबा," मी म्हटलं, "संध्याकाळी तुम्हीच वाचायचं. जेवण गार झालं तरी चालेल. आणि आईंचं काय करायचं ते तुम्ही सांगा. अडकणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, आम्हाला नाही."

बाबांनी शास्त्र मिटलं. आईंच्या मशीनवर पडदा अजून तसाच होता, अर्धी दुमड घातलेला. त्याच्याकडे बघत ते बोलायला लागले. इतकं सलग बोलताना मी त्यांना फार कमी वेळा ऐकलंय.

"बाजारात ही माझ्यासाठी बोलायची. मला ब… बरं वाटायचं. पण रोज संध्याकाळी तेवढा वेळ ती गप्प बसायची ना, माझं मला बोलू द्यायची, त्याच्या जोरावर मी दिवस काढायचो. आता ती अडकली आहे आणि आपण सगळे बाजारासारखे वागतोय. मीसुद्धा. काल मी वाचन सोडलं, कारण मला वाटलं, हिला माझं अडकणं ऐकून आपलं आठवत असेल. रात्री झोप नाही आली. हिने मला कधी सोडू दिलं नाही आणि मी तिच्यासमोर सोडून बसलो." त्यांनी नाक पुसलं. "आज रा… राहू दे दुकान."

त्या दिवशी घराला नवा नियम लागला. खरं तर जुनाच. आईंना कुणीही शब्द सांगायचा नाही. त्या प्रयत्न करत असतील तेव्हा थांबायचं. नणंदेने फोनवर विचारलं, "आणि बाबा, तिला तहान लागली असेल आणि सांगता येत नसेल तर?"

"तहान लागली तर पाणी दे," बाबा म्हणाले. "शब्द नको सांगूस."

सोपं वाटतं ना ऐकायला? करून बघा. तुमचं माणूस तोंड उघडून धडपडतंय, तुम्हाला शब्द दिसतोय, तुमच्या जिभेवर आहे, आणि तुम्ही दातांखाली जीभ धरून बसायचं. पहिल्या दिवसांत आईंनी चमचा फेकला. माझ्या अंगावर वरण सांडलं. शेजारणी रुसल्या, कारण बाबांनी त्यांना दारातच नियम सांगितला आणि सांगायला त्यांना इतका वेळ लागला की दोघी तर मधेच निघून गेल्या. बाबा दुपारी दुकान बंद करून घरी यायचे, आईंच्या पलंगाशी स्टूल घ्यायचे आणि बसायचे. आईंच्या पाठीकडे बघत. मी पाणी ठेवायला गेले की ऐकू यायचं, "अगं, मला घाई नाही."

आणि प्रार्थनेचं काय? ती बाबांनी आत नेली. "ती येत नाही ना, मग आपण जाऊ." आतली खोली एवढीशी. कपाटाचं दार उघडं ठेवावं तेव्हा कुठे आमचे हे त्यात पाठ टेकून बसू शकायचे. माझी लेक, जिला आम्ही चिमणी म्हणतो, पेटीवर चढून बसायची, मी उंबऱ्यात, एक कान स्वयंपाकघराकडे. आई भिंतीकडे तोंड करून. बाबा खुर्चीत. रोज आईंच्या पाठीला शास्त्र वाचून दाखवलं जायचं आणि रोज बाबा अडकायचे. मला त्यांच्या दुकानातल्या कोऱ्या किल्ल्या आठवायच्या. त्याही ऐकून काही उत्तर देत नसत.

आमच्या ह्यांचा धीर एकदा सुटला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "काही उपयोग होतोय का गं याचा?" मी म्हटलं, "नाही." आणि बाबांसारखाच चेहरा करून वर जोडलं, "पण उद्या पुन्हा बसायचंय." माझी मलाच गंमत वाटली. इतक्या वर्षांत सासऱ्यांचं पाणी मला कधी लागलं, कळलंच नव्हतं.

मग एके दुपारी भिंतीकडून आवाज आला, "अहो." बाबांनी काही विचारलं नाही. नुसतं म्हणाले, "हं." आई बराच वेळ धडपडल्या. पुढे काही आलं नाही. पण अहो परत आलं होतं, आणि बाबा स्वयंपाकघरात येऊन माझ्याकडे स्वतःहून चहा मागून प्यायले.

त्यानंतरची ती संध्याकाळ. वेगळी अशी काहीच नव्हती. गॅसवर भाजी होती, ती करपू नये म्हणून मी आच अगदी बारीक केली होती. सगळे आपापल्या जागी. बाबांनी वाचलं, नेहमीसारखं, थांबत थांबत. शास्त्र मिटलं, डोळे मिटले.

"हे दयाळू स्वर्गीय प…"

आम्ही थांबलो.

"प…"

काही अडकणी लहान असतात, काही मोठी. ही फार मोठी होती. ते नाटक नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. नंतर मी विचारलंही, तर बाबांना माझा चक्क राग आला, की देवापुढे कुणी सोंग करतं का. त्यांची मान थरथरत होती. चिमणीने पाय हलवायचे थांबवले. मी दातांखाली जीभ धरली. कपाटाचं दार कुरकुरलं. बाबांचे ओठ मिटलेले ते मिटलेलेच.

आणि भिंतीकडून, फाटक्या, गंजलेल्या आवाजात, आधी अर्धा आणि मग उरलेला, शब्द आला.

"पि… त्या."

क्षणभर कुणाला कळलंच नाही कोण बोललं. मला तर वाटलं, मीच बोलले की काय, पुन्हा पहिल्या दिवसासारखी. मग चिमणी पेटीवरून खाली उडी मारून ओरडली, "आजी बोलली!" आमचे हे कपाटात तोंड घालून रडायला लागले. मी उंबऱ्यातच बसून राहिले.

जन्मभर ज्या बाईने तो नियम एकदाही मोडला नव्हता, त्या बाईने तो मोडला होता. तिला राहवलं नव्हतं. देवाला हाक मारायची राहून चालली होती आणि तिथे तिला गप्प बसवलं नाही.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांखालून पाणी नाकाच्या कडेने मिशीत उतरत होतं आणि त्या मिशीखाली ते हसत होते. अगदी माझ्या पहिल्या संध्याकाळी हसले होते तसं, गालातल्या गालात.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पु… पुन्हा पहिल्यापासून."

"अहो!" आई म्हणाल्या. तोच शब्द, पण या वेळी त्यात त्यांचा सगळा जुना ठसका होता. भूक लागली होती त्यांना, दुसरं काय! आणि मग त्या उजवा हात डाव्या हाताने ओढत, कण्हत, भिंतीकडून आमच्याकडे वळल्या. मी पुढे झाले, पण बाबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांच्या त्या वळल्या.

नियम म्हणजे नियम. बाबांनी शास्त्र उघडलं आणि पहिली ओळ वाचायला घेतली. मी जाऊन गॅस बंद केला, भाजी गार झाली तर होऊ दे म्हटलं, आणि परत येऊन आईंच्या पायाशी बसले. वाचन संपलं. बाबांनी डोळे मिटले, त्या शब्दापाशी आले, आणि अडकले. आईंनी तोंड उघडलं, आणि त्याही अडकल्या. कुणी काही सांगितलं नाही. आम्ही सगळे शांत बसून वाट पाहू लागलो, या वेळी दोघांची.